शंका आली तरी पुढे जा

मल्हारीदादा आम्हाला रोज मोजायचे. आम्ही ऑफिसातून जेवायला बाहेर पडलो, की हा माणूस दारात थांबणार आणि जाणाऱ्या प्रत्येकाकडं बघून हनुवटी किंचित हलवणार. ओठ हलायचे नाहीत, आवाज नाही. सगळे बाहेर पडले की मग स्वतः निघणार. येताना पुन्हा तेच. एकदा आसिफ पानटपरीवर मागं राहिला, तर दादा जिन्यातच उभे. "चला की वर," मी म्हटलं. "एक कमी हाय," म्हणाले, आणि आसिफ दिसेपर्यंत हलले नाहीत. मला हसावं की चिडावं कळेना. आम्ही काय मेंढरं होतो?

तर व्हय, तसंच होतं. दादांचे वडील, बापू, मेंढरं घेऊन गावोगाव हिंडणारे. दादा त्या कळपामागं चालत मोठे झाले, जमेल तिथं शाळा केली, इंजिनियर झाले आणि मुकुंदवाडी स्टेशनजवळ दोन खोल्यांत राहायला आले. केस पिकलेले, अंगात बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, आणि बोलणं असं की नव्या माणसाला वाटावं, कुणीतरी गावाकडनं पाव्हणा आलाय. मराठी सोडून दुसऱ्या भाषेत ते फक्त प्रोग्राम लिहायचे.

आमचं ऑफिस चिकलठाण्यात, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. मी रोज पुंडलिकनगरहून स्कुटीवर जायची. माझं काम गिऱ्हाइकांचे फोन घेण्याचं, म्हणजे दिवसभर शिव्या खाण्याचं. आम्ही जे सॉफ्टवेअर करायचो ते सांगायला सोपं आहे. कारखान्यातली मशीनं हल्ली लिहिलेल्या सूचनांवर चालतात. कधी दाबायचं, किती दाबायचं, कधी थांबायचं, हे सगळं फायलींमध्ये असतं, आणि त्या फायली कुणी ना कुणी बदलत राहतं. कुणी काय बदललं, जुनी प्रत कुठली, मंजूर झालेली कुठली, हे आमचं सॉफ्टवेअर सांभाळायचं. पाळी सुरू व्हायच्या आधी ते मशीनशेजारच्या कम्प्युटरवरच्या सगळ्या फायली मंजूर प्रतींशी ताडून बघणार. जुळलं तर हिरवी खूण. नाही जुळलं तर लाल, आणि लाल आली की मशीन सुरूच होणार नाही.

काम चोख होतं, पण चाल गोगलगायीची. ढीगभर फायली ताडून होईपर्यंत पाळीचे लोक तंबाखू मळत उभे, आणि सुपरवायझर फोनवर माझ्या नावानं ओरडतोय. "मॅडम, तुमचं हिरवं उगवेपर्यंत आमची पाळी सरती!" मी काय करणार? मी तो फोन तसाच मालकांना, म्हणजे अभिजितसरांना जोडून द्यायची. सर पुण्याहून परत आलेले, वयानं दादांपेक्षा पुष्कळ लहान, माणूस वाईट नव्हे, पण घाई त्यांच्या अंगात भिनलेली. त्यांनी दादांना सांगितलं, काहीही करा पण हे पळवा.

दादांनी जे केलं त्याचं नाव त्यांनीच ठेवलं, 'राखण'.

"बघ मंजू," त्यांनी मला समजावलं होतं. फोन घेणाऱ्या बाईला समजलं तरच ते लोकांना समजेल, अशी त्यांची पक्की समजूत. "सांजच्याला बापू मेंढरं जाळीच्या कुंपणात घ्यायचे. एक-एक मोजून आत. लई येळ जायचा. आता म्या काय करू राहिलो, एक कुत्रं बसवू राहिलो. ते दिवसभर बसून बघंल, कोणत्या फायलीला हात लागला. पाळीच्या येळी त्याला विचारायचं. ज्याला हात लागला तेवढंच ताडून बघायचं. बाकीच्याला हात लावायचं कामच नाय."

"मग झालं की! भारीच."

"भारी हाय," दादा म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. "पण कुत्रं भुंकलं नाय म्हणजे लांडगा आला नाय, आसं नसतंय."

त्यांच्या लहानपणी बापूंनी एका पाहुण्याकडून कुत्रं आणलं होतं. धिप्पाड, रुबाबदार, दुसऱ्याच्या कळपावर वाढलेलं. त्या सुमारास बापू तापानं फणफणले. संध्याकाळी मेंढरं मोजायची ताकद नव्हती. कुत्रं दारात शांत बसलेलं दिसलं, तसे ते म्हणाले, आज राहू द्या मोजायचं. सकाळी कुंपणाची जाळी एका बाजूनं फाटलेली आणि कोकरं गेलेली. कुत्रं तिथंच, शेपटी हलवत. "त्याला आपली मेंढरं वळखूच येत नव्हती," दादा म्हणाले. "त्याच्या लेखी समदं बरूबर होतं." एवढं बोलून त्यांनी डबा उघडला आणि भाकरी खायला लागले. मला मात्र त्या दिवशी घास गोड लागला नाही.

राखण तयार झाली आणि खरा त्रास पुढं सुरू झाला. तिला सेटिंग कोणकोणते द्यायचे? दादा सेटिंगला 'खटका' म्हणायचे. नवा खटका ठेवायचा म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठ्या. ते फळ्यावर खटक्याचं नाव लिहायचे आणि विचारायचे, हा कोण दाबणार? कशापायी? आणि चुकून दाबला तर कळंल का कुणाला? शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही की फळा पुसून टाकायचे. डिफॉल्ट, म्हणजे कुणी काहीच निवडलं नाही तर आपसूक लागणारं सेटिंग, हा शब्द त्यांना आवडत नसे. म्हणायचे, "ज्यानं आपलं पुस्तक उघडून बघितलं नाय, बघणारबी नाय, त्याच्या पदरात तू काय टाकतो, ते सांग."

परीक्षा घ्यायची त्यांची रीतही वेगळीच. कारखान्यांत जाऊन सॉफ्टवेअर बसवून देणारा आसिफ त्यांचा कायमचा विद्यार्थी. आसिफच्या घरी उर्दू, बाहेर मराठी, आणि मूड आला की दोन्हींची खिचडी. दादा त्याला समोर बसवायचे. "आसिफ, समज तू लई कटाळलाय. भूक लागलीय. घरी पोरगी वाट बघती. समोर हे तीन खटके हायत. कोणता दाबशील?"

"जो जल्दी घर भेजे वो, दादा," आसिफ डोळा मारून म्हणायचा.

सगळे हसायचो. दादा हसायचे नाहीत. ते फळ्याकडं वळून तोच खटका खोडायचे.

अशा रीतीनं राखणीला तीनच रूपं उरली. बंद; चालू, म्हणजे शंका आली की लाल; आणि आपोआप. 'आपोआप' हे दादांचं लाडकं. राखणीला सगळं नीट आठवत असेल तर ती सांगेल तेवढंच ताडायचं. पण मध्येच लाईट गेली, घड्याळ मागं गेलं, डिस्क बदलल्यासारखी वाटली, अशी काहीही शंका आली, तर राखणीनं सरळ सांगायचं की मला माहीत नाही. मग सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीनं सगळ्या फायली एकूण एक मोजणार. वेळ लागला तर लागू दे.

आणि इथंच घोडं अडलं. जालना रोडवर आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं, पत्रा दाबून गाडीचे भाग काढणारा एक कारखाना. आठवड्याच्या सुट्टीला तिथं देखभालीसाठी लाईट जायची. म्हणजे दर सुट्टीनंतर राखणीला शंका येणार, दर वेळी पूर्ण मोजणी, आणि दर वेळी सुपरवायझरचा मला फोन. तो म्हणायचा, शंका-बिंका आम्हाला नको, आम्हाला हिरवं पाहिजे.

सरांनी बैठक घेतली. "मल्हारी, अजून एक ऑप्शन देऊ या. शंका आली तरी थांबायचं नाही. आपल्याकडून ते बंदच असेल. ज्याला हवं तो चालू करेल. जबाबदारी त्याची."

"ज्यो चालू करंल, त्याचा हात मशीनमधी नसतोय, सर," दादा म्हणाले.

सर हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "इतकं काय मनावर घेता? एक सेटिंग तर आहे."

"दार केलं की कुणीतरी उघडणारच."

पण पगार सर देत होते आणि गिऱ्हाईक मोठं होतं. खटका ठेवायचं ठरलं. सरांना त्याचं नाव 'सुपरफास्ट' हवं होतं. दादा त्या एका गोष्टीवर मात्र हटून बसले. नाव त्यांनी स्वतः टाईप केलं, लांबलचक आणि कुरूप: 'शंका आली तरी पुढे जा'. वर पडद्यावर त्याला बटण दिलं नाही. ज्याला हवं त्यानं सेटिंगच्या फायलीत ती अख्खी ओळ हातानं लिहायची. लिहिताना तरी त्याला लाज वाटावी, हा हेतू.

"दादा, नाव भारी दिलंत," मी म्हटलं. "कुणाची हिंमत होणार नाही."

"नाव वाचाया माणूस लागतो, मंजू. एकदा लिहिली की ओळ गप पडून राहती," ते म्हणाले. उगीच चिडून मी म्हटलं, "तुम्ही ना, सारखं अभद्र बोलता!"

त्यांना एवढी धास्ती का होती, हे मला त्याच सुमारास कळलं. दादांचा धाकटा भाऊ खंडू त्याच कारखान्यात प्रेसवर होता. मेंढरं मागं सोडून तो शहरात मजुरीला आला, तेव्हा दादांनीच ओळखीनं त्याला चिकटवून दिलेलं. प्रेस म्हणजे वरून येणारा लोखंडी ठोकळा. खाली पत्रा ठेवायचा, हात बाहेर काढायचा, ठोकळा येणार, पत्रा वाकणार. मशीन जुनं. हात आत असताना ठोकळा येऊ नये म्हणून किरणांचा पडदा मागाहून बसवलेला, आणि त्या पडद्याची सूचनाही त्या फायलींमध्येच. देखभालवाले चाचणी घेताना पडदा बंद ठेवणारी वेगळी फाईल टाकायचे आणि काम झालं की मूळ फाईल परत. ती परत पडली की नाही, हे आमची हिरवी खूण सांगणार होती.

त्याच प्रेसवर दुसऱ्या पाळीला आसिफचा धाकटा भाऊ नदीम. वीस-बाविशीतला, केसांना तेल लावून भांग पाडणारा, सतत काहीतरी गुणगुणणारा.

पाळी बदलायच्या वेळी आम्ही कधी त्या कारखान्याच्या फाटकाबाहेर चहा प्यायला जायचो. खंडू बाहेर आला की दादा त्याचा हात आपल्या हातात घेणार आणि करंगळीपासून एकेका बोटावरून अंगठा फिरवत जाणार. मग दुसरा हात. खंडू कंटाळून म्हणायचा, "दादा, धाच हायत. कालबी धाच होती."

"आसू दे. मोजली तर काय झिजतंय?"

एकदा नदीम बाजूला उभा होता. त्यानं आपले दोन्ही पंजे दादांच्या नाकासमोर धरले. "दादा, मेरे भी गिनो ना!"

"तुझी तुझा भाऊ मोजंल," दादा म्हणाले, आणि सगळे खदखदून हसले. चहावालासुद्धा.

मग तो दिवस आला. आसिफला त्या कारखान्यात जायचं होतं, मला सुपरवायझरशी तोंडावर बोलायचं होतं, आणि दादा म्हणाले मीबी येतो. आठवड्याची सुट्टी नुकतीच होऊन गेलेली, लाईट परत आलेली. खंडूची पाळी सुरू व्हायची होती. सुपरवायझरनं प्रेसशेजारचा कम्प्युटर चालू केला आणि मोठ्या अभिमानानं म्हणाला, "आता बघा तुमचं सॉफ्टवेअर!"

डोळ्याची पापणी लवते न लवते तोच हिरवी खूण आली.

आसिफनं शिट्टी वाजवली. मीही खूश. आता शिव्या कमी होणार, दुसरं काय हवं? दादांचा चेहरा मात्र उतरला. "येवढ्या लवकर?" ते पुटपुटले. "लाईट जाऊन आलीय. तिला शंका यायला पायजेल होती." मग एकदम ओरडले, "खंडू! हात लावू नको कशाला!"

त्यांनी खुर्ची ओढली आणि सेटिंगची फाईल उघडली. ती ओळ तिथं होती. 'शंका आली तरी पुढे जा: होय.'

"हे कुणी लिव्हलं?"

कुणीच लिहिलं नव्हतं. म्हणजे, इथं लिहिलं नव्हतं. हळूहळू उलगडा झाला. त्या कारखान्याची एक रीत होती. नवीन काही बसवायचं असलं की ते एका कम्प्युटरवर सगळं नीट लावून घ्यायचे, आणि मग त्याची डिस्क जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर उचलून बाकीच्यांवर उतरवायचे. याला ते 'घोस्ट मारणं' म्हणतात. कामाला लई सोपं. सुपरवायझरनं ती ओळ लिहिली होती कोपऱ्यातल्या वायसर कापणाऱ्या मशीनच्या कम्प्युटरवर. तिथं काही बिघडलं तर एक वायसर वाया जाणार, एवढंच. मग हिरवी खूण झटकन येतेय बघून त्यानं प्रेसवरच्या फायलींचा संच चाचणीच्या दिवशी, म्हणजे पडदा बंद ठेवणारी फाईल आत असतानाच, त्याच डिस्कवर ठेवला आणि सगळीकडं घोस्ट मारला. ओळ प्रेसवर आली, आणि राखणीची आठवणसुद्धा. राखणीला वाटत होतं, मी पहिल्यापासून इथंच बसलेय, कुणी कशाला हात लावलेला नाही.

"दुसऱ्याच्या कळपाचं कुत्रं," दादा हळूच म्हणाले. ते फक्त मला ऐकू आलं.

त्यांनी ओळ खोडली आणि पूर्ण मोजणी लावली. आम्ही उभे राहिलो. या वेळी तंबाखू कुणी मळली नाही. बऱ्याच वेळानं खूण आली, आणि ती लाल होती. प्रेसवर जी फाईल होती ती चाचणीची होती. पडदा बंद होता. खंडू आणि नदीम किती पाळ्या तशाच चालवत होते, देव जाणे. त्यांची सवय चांगली म्हणून वाचले.

सुपरवायझर नुसता "आयला, आयला" करत होता. दादांनी मूळ फाईल टाकली, पुन्हा सगळं मोजून हिरवी खूण घेतली, मग एकेका कम्प्युटरवर जाऊन ती ओळ खोडली. शेवटी सुपरवायझरला म्हणाले, "तो घोस्ट मोडून टाका. आत्ता." सुपरवायझर म्हणाला, "टाकतो ना साहेब, टाकतो. पेन ड्राइव्ह खणात हाय, उद्या बघतो." हात जोडून म्हणाला. विश्वास बसावा असंच म्हणाला.

पण दादा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सुपरवायझरला बाजूला घेतलं आणि खंडूला प्रेसवरून काढून माल बांधायच्या कामावर टाकायला लावलं. घाबरलेला माणूस, लगेच कबूल झाला. खंडू रागावला, काम हलकं म्हणून पोरं हसतील म्हणाला. दादांनी त्याचं मनगट धरून त्याला ओढतच नेलं.

परतताना गाडीत, चिकलठाण्याच्या वळणावर आसिफनं विचारलं, "दादा, नदीम को भी हटवा लूँ क्या उधर से?"

दादा खिडकीबाहेर बघत होते. "आता मोजून घेतलंय समदं. ओळ काढलीय. आता भ्यायचं काम नाय, आसिफ."

"हौ," आसिफ म्हणाला. "तुम बोलते तो ठीक है."

मी मागच्या सीटवर होते. माझ्या मनात आलं, मग खंडूला कशाला काढलंत? शब्द अगदी जिभेवर आले. पण दादांची मान अशी खाली गेलेली होती की मला विचारवेना. आपल्या भावासाठी माणूस घाबरतो, त्याला कसला हिशेब? मी असते तर मीही तेच केलं असतं.

ऑफिसात येऊन दादांनी सरांना सगळं सांगितलं. सर पांढरेफटक पडले, हे मान्य करायला हवं. पण मग म्हणाले, ओळ गिऱ्हाइकानं लिहिली, चूक गिऱ्हाइकाची, आणि आता तर निस्तरलं आहे. खटका काढून टाकू, पण पुढच्या आवृत्तीत. मधेच काढला तर ज्यांना तो आवडलाय ते बोंबलतील. दादा त्या दिवसापासून खटका काढायच्या मागं लागले. नुसता काढायचा नव्हता. जुनी ओळ कुठं सापडली तरी सॉफ्टवेअरनं ती मानू नये, आणि राखणीनं उठल्यावर पहिल्यांदा हे ओळखावं की आपण दुसऱ्याच डिस्कवर जागे झालोय. जेवण विसरून बसायचे. दारात उभं राहून आम्हाला मोजायचंही त्यांनी सोडलं, आणि गंमत म्हणजे त्यानंच मला जास्त भीती वाटायला लागली.

त्यांचं काम झालं. तपासणी झाली. आवृत्ती बाहेर पाठवायची ती सर पुढल्या आठवड्यात म्हणाले.

त्याआधी आठवड्याची सुट्टी आली. लाईट गेली, लाईट आली, आणि प्रेसशेजारचा कम्प्युटर काही केल्या सुरू होईना. सुपरवायझरनं त्याच्या रीतीप्रमाणं जे करायचं तेच केलं. खण उघडला, पेन ड्राइव्ह काढला, घोस्ट मारला. कम्प्युटर सुरू झाला. पडदा बंद ठेवणारी जुनी फाईल परत आली, जुनी ओळ परत आली, आणि जुनी राखण शेपटी हलवत जागी झाली. हिरवी खूण लगेच उगवली.

फोन माझ्याकडेच आला. सुपरवायझर होता, पण ओरडत नव्हता. "मॅडम," तो म्हणाला, "हिरवं दिसत होतं. तुमच्यात हिरवंच दिसत होतं, मॅडम." तेच तेच म्हणत राहिला. पाठीमागं कुणीतरी रडत होतं. मी फोन दादांकडं धरला. त्यांनी कानाला लावला आणि एवढंच विचारलं, "कुणाचा हात?"

उत्तर ऐकलं आणि त्यांनी मान वर केली. आसिफ समोरच्या टेबलावर बसून चार्जरची वायर गुंडाळत होता. दादा त्याच्याकडं बघत राहिले. आसिफनं वायर गुंडाळायची थांबवली.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. खटका काढलेली आवृत्ती सरांनी त्याच संध्याकाळी सगळीकडं पाठवली. पण ज्यांनी ती अजून घेतलेली नाही, असे कारखाने आहेतच, आणि त्यांतल्या कुठल्या कम्प्युटरात ती ओळ गप पडून आहे, कुणाला ठाऊक नाही. मी अजून तिथंच फोन घेते. हल्ली कुणी कौतुकानं म्हणालं, "मॅडम, हिरवं एकदम पटकन येतंय!" की मी त्याला पूर्ण मोजणी लावल्याशिवाय फोन ठेवू देत नाही. लोक वैतागतात. वैतागू देत.

दादांनी नोकरी सोडली. बापूंकडं गेले म्हणतात, कळपासोबत. मला ते शेवटचे दिसले आसिफच्या घरी, चिकलठाणा गावात, मशिदीमागच्या गल्लीत. नदीम दवाखान्यातून घरी आला होता आणि मी भेटायला गेले होते. दादा आधीच येऊन बसलेले, खुर्ची असताना जमिनीवर. दाराशी खंडू उभा होता. त्यानं दोन्ही हात पाठीमागं धरले होते आणि मी असेपर्यंत ते पुढं आणले नाहीत. आसिफच्या अम्मीनं चहा आणला, तो तसाच निवत होता.

आसिफ भिंतीकडं बघत होता. दादांना त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

शेवटी नदीमच बोलला. केसांना तेल लावलेलं होतं, भांग मात्र दुसऱ्या कुणीतरी पाडलेला. त्यानं चादरीतून उजवा हात काढला आणि दादांसमोर धरला. पांढरी पट्टी मनगटापर्यंत.

"लो दादा," तो म्हणाला. चिडून नाही, थट्टेनंही नाही. "आज मेरे गिनो."

दादांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. सवयीनं त्यांचा अंगठा करंगळीच्या जागेकडं गेला. तिथं पट्टी सपाट होती. अंगठा तिथंच थांबला, आणि दादा तसेच बसून राहिले. त्या माणसाला मी किती वेळा मोजताना पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांना सुरुवातच करता येईना.